पायऱ्या बुजवण्याचा अर्ज

रविवार, ४ मार्च १९५६

अर्ज आज पुरा झाला. तीन पानं, एकही खाडाखोड नाही. शाळा माझी हक्काची, पण ग्रामपंचायतीची चिटणिशी गळ्यात पडलेली, कारण कातळवाडीत दुसऱ्या कुणाला ओळ सरळ लिहिता येत नाही. गेल्या एप्रिलात इथे आलो तेव्हापासून पुष्कळ कागद लिहिले, पण असं अक्षर मलाच पुन्हा काढता येईल की नाही शंका आहे.

मागणी एकच: गावच्या विहिरीच्या पायऱ्या बुजवाव्यात आणि वर कठडा व रहाट बसवावा. चाकणच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं होतं. नारू झालेला माणूस पायऱ्या उतरून पाण्यात उभा राहतो, कारण पायाची आग थंडावते. नेमका त्याच वेळी आतला जंत आपली पिल्लं पाण्यात सोडतो. ती पाण्यातले बारीक किडे खातात, ते किडे आपण पितो, आणि वर्षभरानं दोन हात लांबीचा पांढरा दोरा आपल्याच पायातून डोकं काढतो. माणसाचा पाय पाण्याला लागला नाही की रोग संपला. इतकं सोपं आहे, पण या गावाला सोपं काही पटत नाही. नदी दोन कोसांवर, त्यामुळे प्यायला हीच एक विहीर.

घरोघर फिरून रोग्यांची यादी केली आणि अर्जाला जोडली. तेवीस नावं निघाली. त्यात सोजराबाई सातवी. ही विधवा बाई माझी भाकरी करते आणि पाणी भरते. तिच्या डाव्या घोट्याखालून नारू निघतो आहे. काडीला गुंडाळून ठेवलेला आहे, रोज बोटभर हलक्या हातानं ओढायचा. तुटला तर पाय सडतो म्हणतात.

तिला मी बजावलं आहे, दोनपदरी फडक्यातून गाळल्याशिवाय माझ्या माठात थेंब पडता कामा नये. ही शिस्त मी दिवाळीपासून लावली. नारू हा शेवटी न ऐकणाऱ्यांचा रोग आहे.


शुक्रवार, ९ मार्च

अर्जाला जिल्हा लोकल बोर्डाचं उत्तर आलं. ५ एप्रिलला तीन सभासद गावात येणार, चावडीसमोर बसून गाऱ्हाणी ऐकणार. पोरांना वर्गात समजावलं की बोर्ड म्हणजे जिल्ह्यातले रस्ते, दवाखाने आणि विहिरी पाहणारी निवडून आलेली माणसं. तर एकानं विचारलं, मग ती आजवर कुठं होती? त्याला बाकावर उभं केलं. नंतर वाटलं, प्रश्न चुकीचा नव्हता.

सरपंच दत्तोबा खूश आहेत. "मास्तर, तुमच्या कागदानं ही माणसं येत्यात. विहिरीचं काम झालं तर गाव तुमचं नाव काढील," असं चारचौघांत म्हणाले. मी "छे छे" म्हटलं, पण घरी येईपर्यंत तेच मनात घोळत होतं.


शनिवार, १७ मार्च

पाणी यायला उशीर झाला म्हणून विहिरीवर गेलो. सोजराबाई शेवटच्या पायरीवर, गुडघाभर पाण्यात, डोळे मिटून उभी. काखेत माझीच घागर. मी वरून ओरडलो. बाई दचकली.

"आग व्हती ओ मास्तर. दोन घटका बरं वाटतं."

"त्याच पाण्यात आपण सगळे रोग कालवतो, कितीदा सांगितलं तुला?"

"मग पानी कसं भरू? खाली उतरल्याबिगर घागर बुडत न्हाई. तुमी सांगा की कसं भरू."

मी आणखी जोरात ओरडलो. ती लंगडत, भरली घागर डोक्यावर घेऊन चोवीस पायऱ्या चढली. पाणी मी चार पदरांतून गाळून घेतलं.


बुधवार, २१ मार्च

दत्तोबांच्या रंभाचं लग्न ठरलं. मुलगा दापोडीला वर्कशॉपात, घड्याळाच्या काट्यावर जाणारी नोकरी. मुलाचे चुलते रंगराव हे बोर्डाचे सभासद अर्जुनराव यांच्या उठण्याबसण्यातले. ५ तारखेला त्यांच्याच जीपमधून येणार आहेत, म्हणजे बोर्डाची पाहणी आणि सोयरिकीची पाहणी एकदमच.

रंभा चांगली पोरगी. चौथी झालेली. रविवारी बायकांच्या साक्षरता वर्गात मला मदत करायची, माझ्याहून चांगलं शिकवायची. रथसप्तमीपासून फिरकलेली नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "रुखवताचं काम हाय, सवड न्हाई." लग्न ठरलं की पोरी पाटीपुस्तकाला विसरतात, हा अनुभव जुनाच.

दत्तोबा संध्याकाळी शाळेत आले आणि औषधाच्या पेटीतला कापूस मागितला. "वाती वळायच्यात देवाला," म्हणाले. सरपंचाच्या देवाला औषधी कापसाच्या वाती लागतात हे मला आजच कळलं. दिला.


बुधवार, २८ मार्च

आज चावडीत बैठक झाली. काय लिहावं कळत नाही, पण झालं तसं लिहितो.

कमान कुठे उभी करायची, स्वागतगीत कोण म्हणणार, पुरणाचं जेवण कुणाकडे, हे सगळं ठरलं. मग दत्तोबा खाकरले आणि म्हणाले, "आनि एक. त्या दिशी पाय बांधलेली मानसं गावात नकोत. वरच्या माळावर गुरांचा गोठा हाय, दोन दिस तितं ऱ्हातील. शिधा मी देतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "दत्तोबा, अर्जच नारूचा आहे. रोगी दाखवायचे नाहीत तर मग काय दाखवायचं?"

"कागदावर लिवलंय न्हवं तुमी? तीन पानं. नावानिशी. मग वाचतील की ते. मानसं कशाला उघडी पाडायची?"

पंचांपैकी भैरू म्हणाला, "सरपंच म्हनत्यात ते खरं हाय. नारूचं गाव म्हनून नाव झालं तर पोरी कोन करंल आपल्या? सोयरे पानीसुदिक पिनार न्हाईत." सगळ्यांच्या माना हलल्या. प्रत्येकाच्या घरात लग्नाचं कुणी ना कुणी आहे. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं दत्तोबांनी म्हटलं आणि विषय संपला.

सोजराबाई दाराशी टेकून बसली होती. बाईमाणसानं चावडीत बोलायचं नसतं, तरी बोललीच: "कोंबडं झाकलं म्हनून तांबडं फुटायचं ऱ्हातंय व्हय?" तिला गप्प केलं.

मी काय केलं? थोडा वाद घातला. पण दत्तोबांचा एक मुद्दा मनाला पटला हेही कबूल करतो. अर्जात खरोखर सगळं आहे. डॉक्टरांचं म्हणणं, तेवीस नावं, वयं, कुणाला कितवा नारू, सगळं तारीखवार. शिकलेली माणसं येणार आहेत, ती वाचतीलच. चिंध्या बांधलेले पाय मांडून दाखवायला हा काही बाजार नाही.


शनिवार, ३१ मार्च

उजव्या घोट्याला नवी चप्पल चावली आहे. चिंचवडला घेतली ती. खाजही फार सुटते. खोबरेल लावलं.


मंगळवार, ३ एप्रिल

सकाळी यादी हातात घेऊन घरोघर गेलो आणि नावं पुकारली. मीच गेलो, कारण यादी माझ्याकडे होती आणि कुणी सुटू नये असं दत्तोबांचं म्हणणं. वीस माणसं काठ्या टेकत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकत माळाच्या वाटेला लागली. तिघांना उचलून न्यावं लागलं. वाट खडकाची आणि चढाची. सोजराबाई म्हणाली, "मास्तर, मी तुमच्या खोलीत दार लावून पडते. कुनाला दिसनार न्हाई." मी म्हटलं, सभासद कदाचित शाळा बघायला येतील. तिनं भाकरी करून फडक्यात बांधून ठेवली होती, तेवढी मला दाखवली आणि गेली.

दुपारी चपलेचा फोड फुटला. पाणी घेऊन धुतला. मध्ये काहीतरी पांढरं दिसलं.

मी दार लावून घेतलं आणि पुन्हा पाहिलं. दोरा आहे.

मी शिकलेला माणूस आहे. पाणी गाळून पितो. दिवाळीपासून एक दिवस चुकलो नाही. पण त्याआधी, मागच्या एप्रिल-मे महिन्यांत, आल्या आल्या, उन्हातून येऊन तांबेच्या तांबे घटाघटा पीत होतो. तेव्हा गाळायचं कुठे सुचलं होतं? तेवीस घरांत जाऊन ज्यांना मी "ऐकत नाही, ऐकत नाही" म्हणून फटकारलं, त्यांच्यासमोर आता कुठल्या तोंडानं उभा राहू? फडकं घट्ट बांधलं. लांब धोतर नेसलं तर दिसत नाही, हे आरशात पाहून घेतलं.


गुरुवार, ५ एप्रिल

आले आणि गेले.

कमान छान झाली होती. शाळेचं टेबल चावडीसमोर मांडलं. तीन सभासद खुर्च्यांवर, बाजूला रंगराव भरजरी फेट्यात, टेबलाच्या टोकाला मी कागद-दौत घेऊन. अर्जुनराव उंच, वाळका माणूस, कमी बोलतो. फार गोड बोलणारा असता तर मला कमी जड गेलं असतं.

आधी कराची गाऱ्हाणी. शेतसाऱ्यावरची बोर्डाची पट्टी वाढणार अशी आवई आहे, त्यावर भैरू अर्धा तास बोलला. कातळवाडीत इतकं वक्तृत्व आहे हे मला ठाऊक नव्हतं. मग रस्ता. कुणाच्या गाडीचा कणा कुठे मोडला हे आठजणांनी सांगितलं. लोक हसले, सभासदही हसले.

मग अर्जुनरावांनी माझा अर्ज काढला. म्हणाले, "हा कागद उत्तम लिहिलाय. यंदा तालुक्याच्या या बाजूला एकच विहीर बांधून देता येईल, आणि मागणारी गावं दोन आहेत. जिथं रोग जास्त, तिथं विहीर. या यादीतली माणसं कुठं आहेत?"

त्यांनी यादीतलं पहिलं नाव वाचलं. दत्तोबा म्हणाले, "शेतावर गेलाय." दुसरं वाचलं. "बरा झाला." तिसऱ्या नावाला ते नुसतेच हसले, रंगरावांकडे पाहत. "देवाच्या दयेनं औंदा पायपीडा न्हाई साहेब. गेल्या साली व्हती थोडी."

अर्जुनराव उठून विहिरीवर जाऊन आले. दत्तोबांनी ती आदल्या दिवशी उपसून घेतली होती, पायऱ्यांना चुनाही दिला होता. पाणी नितळ. ते परत येऊन बसले आणि माझ्याकडे वळले. "मास्तर, अक्षर तुमचं आहे. तुम्ही सांगा. आज या गावात नारू आहे की नाही?"

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. माझा पाय ठणकत होता. मी म्हणालो, "अर्ज गेल्या महिन्याचा आहे, साहेब."

"म्हणजे आता नाही?"

"आता... तसं कोणी गावात नाही."

त्यांनी यादीची घडी घातली आणि अर्जात ठेवली. अर्ज पिशवीत गेला. दुसऱ्या गावात अकरा माणसं रांगेनं दाखवली होती, असं त्यांचा कारकून मला जाताना म्हणाला. अकरा. आणि आमच्याकडे तेवीस. चोवीस.

मी खोटं बोललो नाही असं स्वतःला सांगतो आहे. अर्ज खरंच गेल्या महिन्याचा होता आणि गावात खरंच कोणी नव्हतं. जेवणाला पुरणपोळी होती. रंगरावांनी चार खाल्ल्या आणि सोयरीक पक्की केली.


शनिवार, ७ एप्रिल

माळावरची माणसं आज परतली, दोन दिवसांचे चार झाले. सोजराबाईला भैरूनं पाठीवर आणली. मंगळवारी चढताना खडकावर पाय घसरला, काडी निसटली आणि नारू आतल्या आत तुटला. पोटरीपर्यंत पाय भोपळ्यासारखा सुजला आहे, लाल, रसरसलेला. हळद-चुन्याचा लेप दिला आहे. गोठ्यातल्या शेणामातीत चार दिवस तसाच उघडा होता.

मी म्हटलं चाकणला नेऊ. ती म्हणाली, "उतरंल. दोन दिस पानी भरनार न्हाई, तेवढं बघा."


बुधवार, ११ एप्रिल

बोर्डाचा निर्णय आला. पट्टी वाढणार नाही. चाकणच्या सडकेपर्यंत आमचा रस्ता खडी टाकून होणार. विहीर दुसऱ्या गावाला. ज्याच्यासाठी गाव ओरडलं ते मिळालं, आणि ज्याच्यासाठी गप्प बसलं ते गेलं, यात बोर्डाची काय चूक? दत्तोबांनी चावडीत पेढे वाटले.

पेढे घेऊन सोजराबाईकडे गेलो. म्हणाली, दात उघडत नाहीत, मानही दुखते. सर्दी असावी असं तिला वाटतं. मी घरी आलो आणि मग एकदम लक्षात आलं ते काय आहे. पळत जाऊन बैलगाडीचं ठरवलं, पण आज बैल रस्त्याच्या खुशीत देवाला गेलेत. उद्या पहाटे.


शुक्रवार, १३ एप्रिल

काल पाडवा होता. घरोघर गुढ्या लागलेल्या आणि त्यांच्याखालून आमची गाडी गेली. सोजराबाई गाडीत धनुकलीसारखी ताणली जात होती. खाच आली की झटका यायचा. म्हणून भैरू बैलांच्या पुढे चालत दगड बाजूला करत होता. याच रस्त्याला खडी पडणार आहे.

डॉक्टरांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. पिंपरीच्या नव्या सरकारी कारखान्यातलं, बाटलीवर नाव होतं. सोजराबाईच्या घरापासून तो कारखाना बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. म्हणाले, धनुर्वाताला हे एकटं पुरत नाही, लस पुण्याहून यायची. आठ दिवसांपूर्वी आणायचं होतं. "नारू तुटला कसा? चालली होती का कुठे?" मी म्हटलं, हो.

दुपारी गेली. तिथेच.

तिला कोणी नव्हतं. भैरूनं आणि मी खांदा दिला. पाय लपवून चालणं मला जमत नव्हतं, पण लोकांना वाटलं मी रडतोय म्हणून पाय अडखळतात. तेही खोटं नव्हतं.


रविवार, १५ एप्रिल

मृत्यूच्या रजिस्टरात नोंद करायची होती. दत्तोबा स्वतः आले. "मास्तर, ताप लिवा. लगीन तोंडावर हाय. नारू लिवलं की चाकणापातूर बोभाटा व्हील."

मी ताप लिहिलं. सुरेख अक्षरात लिहिलं.

निघताना त्यांनी पुन्हा कापूस मागितला. पेटी रिकामी झाली होती. तेव्हा ते दारातच थांबले, काही बोलायचं होतं असं वाटलं. मग गेले. लग्नघरच्या कटकटी.


रविवार, २२ एप्रिल

दोरा रोज बोटभर निघतो. मी दाराला कडी लावून ओढतो. आग अशी की परवा भर दुपारी मी विहिरीच्या पायऱ्या उतरलो. पाय आत घालणार होतो. मी, जो वर्गात फळ्यावर किड्यांची चित्रं काढून शिकवतो. शेवटच्या पायरीवर बसून राहिलो. ती बाई इथे डोळे मिटून का उभी होती हे मला कळायला माझाच पाय लागला.

पाय कोरडाच ठेवून वर आलो आणि अर्जुनरावांना पत्र लिहिलं. सगळं. माळ, गोठा, यादी कुणी पुकारली, सोजराबाई, रजिस्टरातला ताप. फक्त माझ्या पायाचं नाही लिहिलं. लिहायला घेतलं होतं, पण तो बंद फाडला.


शुक्रवार, ४ मे

उत्तर आलं. चारच ओळी. "दुसऱ्या गावचे काम अद्याप सुरू नाही. ४ जूनला बोर्डाची सभा पुण्यास आहे. त्या दिवशी रोगी समक्ष दाखवल्यास फेरविचार मांडीन. तुमच्या कागदावर आता माझा विश्वास नाही."

शेवटची ओळ मी पाच-सहा वेळा वाचली. माझ्या कागदाबद्दल आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं.

चावडीत पत्र वाचून दाखवलं. माझ्या पत्राबद्दल सांगितलं तेव्हा दत्तोबांचा चेहरा पांढरा पडला. मी विचारलं, "कोण येणार पुण्याला?" कुणी नाही. जे चालू शकतात ते लाजतात, आणि जे लाजत नाहीत त्यांना चालता येत नाही. भैरू म्हणाला, "लगीन होऊ द्या सरपंचाच्या घरचं, मग बघू." सगळ्या गावाचा श्वास त्या एका लग्नासाठी कोंडला आहे.


शुक्रवार, १८ मे

काल रंभाचं लग्न झालं. मांडव थाटाचा. सप्तपदीला पोर फार हळू चालली, एकदा नवऱ्याचा हात धरून थांबली. बायका हसल्या, लाजते म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं. शालू मात्र पायघोळ नेसवला होता, पार धुळीत लोळत होता. चांगल्या वस्तूची किंमत नाही लोकांना.


सोमवार, २८ मे

रंभा परत आली. परत पाठवली.

दापोडीची गाडी तिला आणि तिच्या ट्रंकेला वेशीबाहेर उतरवून गेली. रंगराव सोबत होते, पण गावात आले नाहीत. वेशीवरूनच ओरडले, "सोयरीक केली का फसवणूक? सडका पाय गळ्यात बांधला!" रंभा ट्रंकेवर बसली होती. गुडघ्याखाली दोन ठिकाणी तोंड पडलेलं. एक नारू निघतोय, दुसरा येऊ घातलाय. रथसप्तमीपासून.

कापूस.

मी किती मूर्ख आहे! ती वर्गाला येईनाशी झाली, औषधी कापूस जात होता, दत्तोबा बदलले, आणि मी इथे बसून देवाच्या वातींवर विनोद लिहीत होतो. यादी करायला गेलो तेव्हा त्यांच्या ओसरीवर चहा पिऊन आलो. आत कोणी आहे का, हे विचारणं सरपंचाच्या घरी शोभलं नसतं म्हणून विचारलं नाही. त्यांनी गाव लपवलं ते गावासाठी नव्हे, एका पोरीसाठी. आणि मी लपलो तो कुणासाठी? माझ्यासाठी. मग त्यांच्यावर रागावण्याचा हक्क मला कुठून आला?

दत्तोबा वेशीवर गेले, ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि सगळ्या आळीतून चालत घरी गेले. मागून रंभा. कुणीही दार लावून घेतलं नाही. नुसते बघत राहिले.


शनिवार, २ जून

नवा अर्ज लिहिला. पाच पानं. पहिल्यापेक्षा चांगला झाला आहे. सवय जात नाही.

बावीस घरं पुन्हा फिरलो. भैरूच्या आईनं "येते" म्हटलं, पण तिला उठता येत नाही. बाकी कोणी नाही. मग एकट्यानंच जायचं ठरवलं. बाहेर पडणार तोच रंभा दारात, काठी टेकून.

"मास्तर, परवा किती वाजता निघायचं?"

"तू?"

"माझं आता काय जायचं ऱ्हायलंय? बोलायचं ते सगळं बोलून झालं लोकांचं. आबा गाडी जुपतो म्हनाला, चिंचवड ठेसनापातूर."

मी तिला काय म्हणणार होतो, की फार मोठं धाडस करतेस वगैरे. ती माझ्या पायाकडे बघत होती. धोतराच्या काठावर पिवळा डाग पडला होता.

"तुमालाबी हाय," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. मी मान हलवली. तिनं ते कुणाला सांगणार नाही असं म्हटलं नाही, आणि मीही सांगू नकोस म्हटलं नाही.


मंगळवार, ५ जून

विहीर मिळाली. हे आधी लिहून टाकतो. दुसऱ्या गावचं काम काढून घेतलं नाही, आमची पुढच्या सालात धरली. म्हणजे हा उन्हाळा आणि कदाचित पुढचाही त्याच पायऱ्यांवर. यंदाचे रोगी पुढच्या वर्षीचे रोगी पाण्यात सोडून झाले आहेत. एप्रिलात विहीर मिळाली असती तर आतापर्यंत पायऱ्या बुजल्या असत्या. हा हिशेब मला नीट येतो, कारण तो मी शाळेत शिकवतो.

आता काल काय झालं ते.

दत्तोबांनी चिंचवड स्टेशनला सोडलं. रंभाला उतरवताना तिच्या पायाखाली स्वतःचा हात धरला. गाडी सुटेपर्यंत तिथेच उभे होते, पागोटं काढून.

बोर्डाच्या सभेचं दालन मोठं. लांब टेबल, भोवती वीसेक माणसं, भिंतीवर घड्याळ. आमचा विषय दुपारी निघाला. अध्यक्ष म्हणाले, "अर्ज द्या पुढे." मी पाच पानं दिली. त्यांनी न वाचताच ती ढिगावर ठेवली आणि म्हणाले, "या गावाची पाहणी झालेली आहे. रोगी आढळले नव्हते. आणि मृत्यूच्या नोंदीतही नारू नाही, एक तापाचा आहे. कागद तर असं सांगतो. अर्ज ठेवून जा, बघू."

मी तोंड उघडलं. माझ्याकडे सांगायला बरंच होतं, सगळं मुद्देसूद. पण त्यांच्या हातात होते ते सगळे कागद माझेच होते.

रंभा पुढे गेली. खुर्ची ओढली, वर बसली, आणि पट्टी सोडायला लागली. सभासदांपैकी कुणीतरी "अहो, बाई, इथं काय" म्हणालं. ती थांबली नाही. पट्टी चिकटली होती, ती ओढताना तिनं दात आवळले. मग तिनं पाय सरळ केला, सगळ्यांना दिसेल असा.

"कागद ऱ्हाऊ द्या साहेब," म्हणाली. "पाय आणलाय."

एकानं नाकाला रुमाल लावला. ज्याला बघवेना तो खिडकीकडे वळला. अर्जुनराव उठून जवळ आले, वाकून नीट पाहिलं. तिला विचारलं, "केव्हापासून?" "रथसप्तमीपासून." "मी आलो होतो तेव्हा तू कुठे होतीस?" "माजघरात. तुमच्यासाठी पुरन वाटत व्हते."

मग मी रंभाशेजारची खुर्ची ओढली. धोतर वर घेतलं आणि फडकं सोडलं. माझा जवळपास निघाला होता, चार बोटं राहिला असेल. अर्जुनराव माझ्या पायाकडे बघत राहिले, मग माझ्या तोंडाकडे.

"मास्तर," ते म्हणाले, आणि आवाज त्यांनी मुळीच चढवला नाही, "एप्रिलात मी तुम्हाला तोंडावर विचारलं होतं. तेव्हा हा पाय कुठे होता?"

"तुमच्या समोरच होता साहेब," मी म्हणालो. "टेबलाखाली."